दुसऱ्याच्या तोंडातली परीक्षा

आळेफाट्याला दातांचा दवाखाना चालवणाऱ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. एकांना दात काढायचा असतो, दुसऱ्यांना काढलेला दात हवा असतो. दुसऱ्या प्रकारातली पोरं-पोरी बीडीएसच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असतात. राजुरी, बेल्हे, पिंपळवंडी, ओतूर, नाहीतर आमच्या आळ्यातलीच. सुट्टीला घरी आलेली. हातात घट्ट झाकणाची बाटली असते. "मॅडम, दाढा आहेत का? फार किडलेल्या नकोत. मुळं शाबूत पाहिजेत." रुग्णाला हात लावण्याआधी खऱ्या दातांवर खड्डे कोरायचा सराव करायचा असतो आणि ते दात ज्याचे त्याने मिळवायचे असतात. आता शाबूत मुळांची, न किडलेली दाढ कोण कशाला काढून घेईल? हिरड्यांच्या रोगाने हललेले पुढचे दात मिळतात, अक्कलदाढा मिळतात. पहिली दाढ शोधणारा मात्र नारायणगावपासून जुन्नरपर्यंतचे दवाखाने पालथे घालतो.

ही पोरं बाटली घेऊन निघाली की मला त्यांच्या पुढच्या चार वर्षांचा अंदाज येतो. मी आळ्याची. बीडीएस एका खासगी कॉलेजात केलं, मग काही वर्षं दुसऱ्या एका कॉलेजात ट्यूटर होते आणि शेवटी फाट्यावर दवाखाना टाकला. विद्यार्थी म्हणून सही मागणं, शिक्षक म्हणून सही देणं आणि दोन्हींतून सुटल्यावर लांबून बघणं, असं तिन्ही झालं. कॉलेजांची नावं घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते एखाद्या कॉलेजपुरतं नाही. माझ्याकडे दात मागायला येणारी पोरं निरनिराळ्या जिल्ह्यांतल्या कॉलेजांत शिकतात आणि गाऱ्हाणी एकच सांगतात.

डॉक्टरकीचं शिक्षण म्हणजे ताण आलाच, असं म्हणून लोक विषय मिटवतात. पण दातांच्या विद्यार्थ्याचा खरा ताण पुस्तकात नसतो. त्याचं पास होणं दुसऱ्या माणसाच्या तोंडावर अवलंबून असतं, आणि तो दुसरा माणूस काही परीक्षेला बसलेला नसतो. त्याला कांदा काढायचा असतो.

सुरुवातीचा ताण मात्र घरून येतो. आमच्या वेळी सीईटी होती, आता नीट आहे, पण घरातलं बोलणं बदललेलं नाही: "एमबीबीएस थोडक्यात हुकलं." पाहुण्यांना सांगताना "डॉक्टर होतीये" हे मोठ्याने आणि "दातांची" हे हळू. त्यामुळे वर्गातले बरेच जण हरल्यासारखे येऊन बसतात. काही जण पहिल्या वर्षी गुपचूप पुन्हा नीटचा अभ्यास करतात. दिवसा बीडीएसचं पुस्तक, रात्री अकरावी-बारावीचं. दोन्हीकडे थोडं थोडं राहतं आणि मग एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडची भीती एकदम अंगावर येते.

पहिल्या वर्षाचा अभ्यास तसा कमी नसतो. शरीररचना, शरीरक्रिया, जीवरसायन, शिवाय दातांची रचना. माझं दहावीपर्यंतचं सगळं मराठीत, अकरावी-बारावी कशीबशी इंग्रजीत रेटलेली. डोक्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या, त्यातली पाचवी आमच्या धंद्याची, तिच्या फांद्या, फांद्यांच्या फांद्या. आळ्यात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वर माउलींनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, अशी गावाची श्रद्धा. चैत्रात तिथे यात्रा भरते. मी फोनवर रडायला लागले की आजी म्हणायची, "आगं, मपल्या गावच्या रेड्यानं वेद म्हटलं, तुला एवढं विंग्रजी पाठ व्हईना व्हय?" पाठ झालं. पण त्या रेड्याला वेद म्हणून झाल्यावर मेणाची दाढ कोरायला कोणी सांगितलं नव्हतं.

मेणाची दाढ ही खरी पहिली ठेच. बारावीपर्यंत आमच्या हाताची परीक्षा कोणी घेतलेली नसते. इथे मेणाचा ठोकळा आणि कोरणी हातात देतात आणि त्यातून वरची पहिली दाढ काढायला सांगतात. चार उंचवटे, शिवाय आतल्या अंगाला काराबेलीचा म्हणतात तो पाचवा लहानसा. पाठांतरात पहिली येणारी मुलगी इथे रडकुंडीला येते आणि अभ्यासात मागे असणारा, पण वडिलांच्या सुतारकामाच्या दुकानात वाढलेला मुलगा तासाभरात सुबक दाढ काढून मोकळा होतो. हे खरं तर वर्गाला चांगलं शिकवणारं असतं. पण आमचे एक सर तयार झालेली दाढ उजेडात धरत, "ही दाढ आहे की वाटाणा?" म्हणत आणि अंगठ्याने दाबून मोडत. पुन्हा कर. का मोडली, कुठला उतार चुकला, ते सांगत नसत. तीन तास बसून केलेली वस्तू काही न सांगता मोडली गेली की माणूस दाढ कोरायला शिकत नाही, सरांचा चेहरा वाचायला शिकतो. ही सवय पुढे चारही वर्षं पुरते.

तिसऱ्या वर्षी खरे रुग्ण सुरू होतात आणि तिथून कोटा सुरू होतो. प्रत्येक विभागात काही आठवड्यांची पोस्टिंग. तेवढ्यात इतके दात काढायचे, इतक्या जणांचे दात साफ करायचे, इतक्या दाढा भरायच्या, इतक्या कवळ्या बसवायच्या. प्रत्येक कामाच्या प्रत्येक टप्प्यावर शिक्षकाची सही. सह्या पूर्ण नसतील तर सुट्टीत थांबायचं, नाहीतर परीक्षेचा फॉर्म अडायचा. कोट्यामागचा हेतू चुकीचा नाही. एकही दात न काढता कोणी दातांचा डॉक्टर होऊ नये, हे कोणालाही पटेल. पण कोटा विद्यार्थ्यावर असतो आणि रुग्ण आणण्याची जबाबदारी कोणावर, ते कुठेच लिहिलेलं नसतं. मग तीही विद्यार्थ्यावर येते.

बरीच खासगी कॉलेजं गावाबाहेर, मोकळ्या माळावर उभी राहिली. बॅच शंभराची. शंभर जणांना पुरतील इतकी तोंडं त्या माळावर रोज चालत येत नाहीत. मग विद्यार्थी आपापल्या गावाकडे वळतात. मी आळ्याकडे वळले. त्या दिवसांत गावातलं प्रत्येक तोंड मला केस दिसायला लागलं होतं. लग्नाच्या पंगतीत वाढताना कोण जिलेबी चावतंय आणि कोण नुसती चघळतंय, इकडे माझं लक्ष. एसटीत समोर बसलेली बाई हसली की वरचे पुढचे दोन नाहीत, हे आधी दिसायचं आणि ती कशाला हसली ते नंतर.

कवळीचं सांगते, कारण सगळ्यांत जास्त माणसं तिने रडवली आहेत. संपूर्ण कवळी म्हणजे एका बैठकीचं काम नव्हे. पहिल्या खेपेला तोंडाचं कच्चं माप. त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यावरून त्याच तोंडाचा खास ट्रे. दुसऱ्या खेपेला पक्कं माप. ते घ्यायच्या लगद्याला लवंगेचा वास येतो आणि म्हाताऱ्या माणसांना तो बरा वाटतो. तिसऱ्या खेपेला वरच्या आणि खालच्या जबड्यातलं अंतर आणि मेळ. मग गुलाबी मेणात एकेक दात लावून चौथ्या खेपेला तोंडात घालून बघायचं. सगळं जमलं तर मेण जाऊन तिथे पक्कं प्लास्टिक येतं आणि पाचव्या खेपेला कवळी बसते. ती टोचते म्हणून आणखी एक-दोन खेपा. दोन खेपांच्या मधलं लॅबचं काम रात्री होस्टेलवर करायचं. मे महिन्यात दुपारच्या उकाड्यात मेण मऊ पडतं आणि रात्री जागून ओळीत लावलेले दात आपापल्या जागा सोडतात. सकाळी सरांपुढे ते घेऊन उभं राहायचं.

माझ्या पहिल्या कवळीची रुग्ण आमच्या भावकीतल्या एक आजी. आयुष्यभर मिश्री लावलेली, दात एकेक करून गेलेले, हिरड्या झिजून सपाट. सपाट हिरडीवर खालची कवळी टिकवणं जाणत्या डॉक्टरलाही जड जातं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजी आल्या त्या कवळीसाठी नव्हे. "पोरीचा पेपर हाये" म्हणून आल्या. सोबत नातू, दोघांचं एसटीचं भाडं, केसपेपर, कॉलेज लावेल ती फी आणि दुपारचं जेवण माझ्याकडे. हे सगळे विद्यार्थी करतात आणि घरी सांगत नाहीत, कारण फी भरताना घरच्यांनी आधीच सोसायटीचं नाहीतर बँकेचं कर्ज काढलेलं असतं. महिन्याच्या डब्याच्या पैशातून आजींचं भाडं निघायचं.

तिसऱ्या खेपेच्या आदल्या दिवशी आजींचा निरोप आला, उद्या जमायचं नाही. गावची बैलगाडा शर्यत होती आणि घरचे बैल घाटात पळणार होते. आजींनी नसतं बघितलं तर कोणी बघायचं? पुढच्या आठवड्यात कांद्याची काढणी लागली. मजूर मिळेनात, घरातली सगळी माणसं वावरात, आजी कांदा काटायला. मग कांदा बराखीत भरेपर्यंत त्यांना हलताच येईना. तेवढ्यात माझी पोस्टिंग संपली. विभागातल्या मॅडमचं म्हणणं एवढंच: रुग्ण आणणं तुझं काम. मॅडमनाही वर उत्तर द्यावं लागत होतं, ते मला पुढे कळलं. तेव्हा मात्र मी होस्टेलच्या गच्चीवर उभी राहून पावसाची वाट बघत होते. कांद्याच्या काढणीत पाऊस यावा, अशी इच्छा करणारी आळ्यातली मी एकटीच असेन.

विद्यापीठाचं वेळापत्रक आणि शेताचं वेळापत्रक यांची गाठ कोणी घातलेली नाही. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. त्याच्याशी संलग्न कॉलेजांतल्या बीडीएसच्या परीक्षा त्याच्याच कॅलेंडरवर चालतात. उन्हाळी परीक्षेच्या तोंडावर, मार्च ते मेमध्ये, कोटा संपवायची झुंबड उडते. आमच्या जुन्नर-आंबेगावात तेच दिवस कांद्याचे, यात्रांचे आणि लग्नांचे. ज्या वयाच्या माणसांना कवळी लागते, त्या वयाच्या माणसांवाचून यातलं काहीच होत नाही.

आणि एक ताण असा, ज्याबद्दल कोणी बोलत नाही. एखादी किडलेली दाढ वाचवता येण्यासारखी असते. वाचवली तर ती एका विभागाच्या कोट्यात जाते, काढली तर दुसऱ्या. काय करायचं ते शिक्षक ठरवतात आणि बहुतेक वेळा योग्यच ठरवतात. पण ज्याचे दात काढायचे राहिलेत तो विद्यार्थी मनात म्हणत असतो, निघू दे. ज्याची रूट कॅनॉल राहिली आहे तो म्हणतो, वाचू दे. रुग्णाच्या मनात काय आहे हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकावर जातो. विशीतल्या पोरांना आपल्या मनातलं हे कळतं. कोणाचा दात दुखतोय हे ऐकून आपल्याला आनंद झाला, हे त्यांना रात्री झोपू देत नाही. चांगल्या मनाच्या पोरांना जास्तच.

शेवटच्या वर्षाला आठ विषय. लेखी आणि प्रात्यक्षिक वेगवेगळं पास व्हावं लागतं. प्रात्यक्षिकाला बाहेरचे परीक्षक येतात आणि रुग्ण विद्यार्थ्याने हजर करायचा. दाढ भरायच्या परीक्षेला लागते दोन दाढांच्या मधल्या फटीतली कीड, तीही बेताची. फार खोल असली तर भरता येत नाही, वरवरची असली तर परीक्षक विचारतात, यात भरायचं काय? असा माणूस सापडला की त्याला पाहुण्यासारखं जपायचं. एका दाढेवर तिघांचा डोळा असतो. आमच्या वेळी एकाने आपला रुग्ण आदल्या रात्रीच होस्टेलवर आणून झोपवला, कारण सकाळच्या गाडीचा भरवसा नव्हता. रात्रीतून त्या माणसाची दाढ ठणकली, सकाळी गाल सुजलेला. आता ती दाढ भरायची राहिलीच नव्हती. माणसाला कळ सहन होत नव्हती आणि पोरगा जिन्यात बसून घाम पुसत होता. दोघांनाही तातडीने मदत हवी होती. मिळाली ती एकालाच.

पुढे मी ट्यूटर झाले तेव्हा खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने हेच दिसलं. एका शिक्षकामागे खुर्च्यांची रांग, प्रत्येक खुर्चीवर तोंड उघडून बसलेला माणूस आणि प्रत्येकाशेजारी "मॅडम, सही" म्हणत उभा विद्यार्थी. एका टप्प्याची सही मिळाल्याशिवाय पुढचा टप्पा सुरू करता येत नाही. शिक्षक दुसरीकडे अडकलेला असला तर रुग्णाचा जबडा अवघडतो, विद्यार्थ्याची वेळ जाते आणि दुपारी एकला क्लिनिक बंद. त्यातून प्रत्येक शिक्षकाचं मत निराळं. सकाळच्या मॅडमनी बरोबर ठरवलेला खड्डा दुपारच्या सरांना उथळ वाटतो. विद्यार्थ्याने दोघांचंही ऐकलं तर दाढेचं काय होईल? म्हणून मुलं दाढेचा अभ्यास सोडून शिक्षकांचा अभ्यास करतात. कोण कधी खूष असतं, कोणाकडे कुठली सही मागायची, याचं ज्ञान सीनियरकडून ज्युनिअरकडे तोंडी चालत येतं. घराण्याच्या चिजाही इतक्या जपून दिल्या जात नसतील.

शिक्षकालाही त्याचा कोटा असतो. हजेरी, तपासणीसाठी कागद, पुढच्या बढतीसाठी छापून आणायचे लेख. रुग्णासमोर विद्यार्थ्याला झापणारे सगळेच दुष्ट नसतात. काही नुसते थकलेले असतात. पण रुग्णासमोर झापलेला विद्यार्थी दुहेरी मार खातो, कारण पुढच्या मिनिटाला त्याच माणसाच्या हिरडीत सुई टोचायची असते आणि तो माणूस आता सुईकडे न बघता विद्यार्थ्याच्या हाताकडे बघत असतो. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी तोंडातला आरसा स्वतःच बाजूला सारला आणि आमच्या वरिष्ठांना सुनावलं, "अवो, लेकराला वरडू नका. तुम्ही वरडला की त्याचा हात कापतो, आन् तोंड मपलं हाये!" त्या दिवसानंतर आमच्या विभागात बोलायचं ते पडद्यामागे नेऊन, असं ठरलं. कुठल्याही परिपत्रकाने हे झालं नसतं.

दातांच्या विद्यार्थ्यांना कशाकशाचा ताण येतो, याची एक प्रश्नावली आहे. अमेरिकेत गार्बी, झकर आणि सेल्बी यांनी १९८० साली ती प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून ती थोडी थोडी बदलून जगभर वापरतात. आपल्याकडेही पदव्युत्तर विद्यार्थी छोट्या अभ्यासासाठी ती वाटतात. मी भरलीही आहे आणि वाटलीही आहे. तिच्यात अभ्यासाचं ओझं आहे, नापास व्हायची भीती आहे, पैशांची जबाबदारी आहे, होस्टेलवर घरासारखं वातावरण नसणं आहे. पण माझी नजर थांबते ती इतर ओळींवर: रुग्ण उशिरा येणं किंवा न येणं, पदवीसाठी लागणारी कामं पुरी करणं, एकाच उपचाराबद्दल शिक्षकांची वेगवेगळी मतं, कामावरची टीका. म्हणजे आळ्याच्या आजींना कांदा काटायला जावं लागणं आणि अमेरिकेतल्या कोणाचं तरी अपॉइंटमेंट विसरणं, दोन्ही एकाच रकान्यात बसतात. मला याचा धीर आला. ताण आमच्या पोरांच्या नाजूकपणातून येत असता तर तिकडच्या मुलांना त्याच ओळींवर खुणा करायची पाळी आली नसती. दोष या शिक्षणाच्या घडणीत आहे.

तरीही उपाय विद्यार्थ्याच्याच गळ्यात बांधले जातात. वर्षातून एकदा हॉलमध्ये श्वासाचे व्यायाम, कोणा पाहुण्याचं सकारात्मक विचारांवर भाषण. हजेरी सक्तीची, त्यामुळे त्या दिवशीची एक सही बुडते.

बीडीएस झाल्यावर ताण संपतो असंही नाही. आमच्या फाट्यावरून पूर्वी दातांसाठी नारायणगावला नाहीतर पुण्याला जावं लागायचं. आता चौकातून कुठल्याही रस्त्याला वळलात तरी दातांची पाटी दिसते. नव्या पोराला खुर्ची, एक्स-रेचं यंत्र, कॉम्प्रेसर, भाडं हे सगळं उभं करायचं असतं, नाहीतर पुण्यात दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये तुटपुंज्या पगारावर राहायचं. जागा इतक्या वाढल्या की त्या भरेनात. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या बीडीएस प्रवेशासाठी नीटची पात्रतेची रेषा दहा पर्सेंटाइलने खाली आणायला सांगितलं. देशाची सोय झाली, पण "उरलेल्या जागेवर आलेला" हा शिक्का त्या बॅचच्या पोरांनी आजवर वागवला आहे. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याच्या जागी २०२३ चा राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा आला आणि त्यात बीडीएसच्या शेवटी देशभर एकच सामाईक परीक्षा घ्यायची तरतूद आहे. कॉलेजा-कॉलेजांतली तफावत त्याने कमी व्हावी. पण कोटा, सह्या आणि विद्यापीठाची परीक्षा तशीच ठेवून वर आणखी एक परीक्षा चढवली, तर पोरं अजून एका क्लासची फी भरतील, एवढंच होईल.

काय केल्याने ताण उतरतो, याचे काही नमुने मी पाहिले आहेत. आमच्या विभागात आम्ही काही जणांनी कवळीची पोस्टिंग जमेल तेवढी जुलै-ऑगस्टकडे सरकवली. खरिपाची पेरणी, लावणी उरकलेली असते, वारीहून माणसं परत आलेली असतात, म्हाताऱ्यांवर घरकामाची सक्ती नसते. त्याच म्हाताऱ्या, तीच एसटी, पण रुग्ण यायला लागले. दोन विद्यार्थ्यांना एका कवळीवर जोडीने लावलं. एक मापं घेतो, दुसरा मदत करतो, पुढच्या रुग्णाला उलट. दोघांचं शिकणं झालं आणि रुग्णाच्या खेपा वाचल्या. गावोगावच्या शिबिरात नुसतं तोंड तपासून चिठ्ठी देण्याऐवजी, ठरलेल्या वारी कॉलेजची गाडी पाठवली तर चिठ्ठ्या फुकट जात नाहीत. यातलं काहीच खर्चिक नव्हतं. फक्त रुग्ण आणणं हे संस्थेचं काम आहे, हे आधी मान्य करावं लागलं.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे दाढा मोजणं सोडून माणसं मोजणं. अमेरिकेतल्या अनेक दंत महाविद्यालयांत विद्यार्थ्याला रुग्ण सोपवतात आणि त्याच्या तोंडाची सगळी कामं तो विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली पार पाडतो. आपल्याकडे एकाच आजींचे दात एक जण साफ करतो, दुसरा काढतो, तिसरा कवळी करतो आणि आजींना कोणाचंच नाव माहीत नसतं. माझ्या भावकीतल्या आजींची कवळी अखेर श्रावणात बसली. खालची सुटीच राहायची. त्या ती जेवताना काढून ठेवत आणि लग्नाला जाताना घालत. माझी सही मात्र पक्की बसली होती. आज दवाखान्यात मी अशा सपाट हिरडीवर खालची कवळी करते तेव्हा काय करायचं ते मला माहीत आहे, पण ते मी त्या सहीतून शिकले नाही. पुढे त्यांच्यासारख्या बायकांची तोंडं कोट्याबाहेर, सावकाश बघताना शिकले.

जी मुलं आतून खचतात त्यांना मात्र वेळापत्रक बदलेपर्यंत थांबवता येत नाही. जेवण तुटणं, पहाटे जाग येणं, हात थरथरणं, आंघोळ टाळणं, मित्रांत न बसणं ही लक्षणं खोलीतल्या जोडीदाराला आधी दिसतात, शिक्षकाला नंतर आणि घरच्यांना सगळ्यात शेवटी, कारण फोनवर मुलं "बरं चाललंय" म्हणतात. केंद्र सरकारची टेलिमानस ही मदतवाहिनी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. माझ्या दवाखान्यात दात मागायला येणाऱ्या प्रत्येक पोराच्या बाटलीवर मी हा नंबर चिकटवून देते. हसतात. पण काढून टाकत नाहीत.

दरवर्षी जून-जुलैत आळे-बेल्ह्याकडचे आई-बाप येतात. पोरीला बीडीएसला घालावं का, विचारतात. मी नको म्हणत नाही. काम चांगलं आहे. ठणकत्या दाढेने रात्रभर येरझारा घातलेला माणूस अर्ध्या तासात हसून घरी जातो, असं समाधान फार थोड्या धंद्यांत मिळतं. पण मी त्यांना सांगते की पोरीचे मार्क बघताना तिला हाताने काम करायला आवडतं का तेही बघा. कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारतीचे फोटो काढू नका. आठवड्यातल्या साध्या दिवशी, न कळवता जा आणि तिथल्या ओपीडीच्या बाकावर तासभर बसा. किती माणसं येतात ते मोजा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा, रुग्ण कोण आणतं, त्याचे पैसे कोण भरतं, कोटा राहिला तर काय होतं. मग फीचं बोला.

फीचा आकडा सगळेच विचारून येतात. बाकावर बसून माणसं मोजलेला बाप अजून मला भेटायचा आहे. तो भेटला की त्याच्या पोरीची मला फारशी काळजी वाटणार नाही.